खेळातला घाट

मुलांच्या खेळाविषयी आपण बोलतो, ते बहुधा खेळण्यांविषयी असते. मोटार कोणती, चावीची की सेलवर चालणारी, याची चर्चा होते; ती ज्या वाटेवरून धावते ती वाट मुलाने स्वतः रचली की नाही, हा प्रश्न मागे पडतो. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तोच महत्त्वाचा आहे. त्याचा विचार करताना मावळातल्या बोरघाटाचा इतिहास उपयोगी पडतो.

मावळाचा इतिहास हा पुष्कळ अंशी वाटांचा इतिहास आहे. कार्ले-भाजे येथील लेणी आणि लोहगड-विसापूर हे दुर्ग देशावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गाच्या परिसरातच आहेत. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे लोहमार्ग आखताना खरी अडचण आली ती चढाची. सुमारे १६ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची गाठायची होती, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट इतका होता. जिथे वळायला जागा नव्हती, तिथे खंडाळ्याजवळ गाडीची दिशाच उलटवण्यात आली : गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि ती पुन्हा मार्गस्थ व्हायची. हजारो मजुरांचे प्राण घेऊन हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. दिशा उलटवण्याची ही व्यवस्था १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे संपुष्टात आली.

घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाशी एक आख्यायिका निगडित आहे. साहेबांना डोंगरातली वाट दाखवली ती एका धनगराने, असे ती सांगते. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिचा आशय मोलाचा आहे : वाट कागदावर येण्याआधी पायांना कळलेली असते.

पुठ्ठा, फळी आणि पुस्तकांची चळत घेऊन मोटारीचा रस्ता रचणाऱ्या मुलाच्या हातांना हेच कळत असते. उतार फार दिला की मोटार वळणावर बाहेर फेकली जाते. कमी दिला की मध्येच थांबते. मग मूल एक पुस्तक काढते, वळणाची बाहेरची कड उचलते, पुन्हा सोडून पाहते. 'उतार', 'वेग', 'घर्षण' हे शब्द पुढे पाठ्यपुस्तकात येतील. त्यांचा अनुभव आधीच जमा झालेला असतो. शिवाय रस्ता म्हटला की पूल येतो, नाका येतो, कोणीतरी कुठेतरी निघालेले असते. मूल रस्त्याबरोबर कथाही रचते.

बालशिक्षणाच्या परंपरेला हे नवे नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ पासून चेंडू, घन, दंडगोल यांना शिक्षणात स्थान दिले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. आपल्याकडचा दिवाळीतला मातीचा किल्ला याच कुळातला. त्याच्या पायथ्याशी रस्ता असतोच, आणि मावळ्यांच्या शेजारून एखादी मोटारही निःसंकोच धावत असते.

आता किल्ला तयार विकत मिळतो आणि मोटारीचा मार्गही. त्याचा उतार कारखान्यात ठरलेला, वळणही ठरलेले. मोटार पडत नाही. त्यामुळे ती का पडली, हा प्रश्नही पडत नाही. मुलांना आणखी खेळणी देण्यापेक्षा घरातला एखादा कोपरा आणि सलग वेळ देणे अधिक अगत्याचे आहे. अर्धा झालेला रस्ता संध्याकाळी केर काढताना मोडला जाऊ नये, एवढी काळजी घेतली तरी मोठे शिक्षण घडते.