गांधींचा अणुबॉम्ब आणि कधीच न झालेली चूक

‘सिव्हिलायझेशन’ हा गेम तुम्ही खेळला असाल, तर हा किस्सा कानावर आलाच असेल. १९९१ च्या पहिल्या भागात म्हणे गांधींची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे १ होती. भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. त्या जागेत उणे संख्या मावत नव्हती, म्हणून आकडा उलटून थेट २५५ वर जायचा आणि अहिंसेचा पुजारी जगभर अणुबॉम्ब टाकत सुटायचा.

किस्सा झकास आहे, पण खोटा. गेमचा निर्माता सिड मायर याने २०२० साली आलेल्या आत्मकथनात स्पष्ट सांगितलं की अशी चूक कधी नव्हतीच. दुसऱ्या भागाचा मुख्य डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स याला आठवतं त्याप्रमाणे आक्रमकतेच्या पायऱ्याच मुळात तीन होत्या. गांधी सर्वांत खालच्या पायरीवर होते, आणि तिथे ते काही एकटे नव्हते.

मग खेळणाऱ्यांनी पाहिलं ते काय? अण्वस्त्रं हाती आली की कुठलाही नेता तीच छापील धमकी द्यायचा. लिंकनच्या तोंडी ती कुणाला खटकली नाही. गांधींच्या तोंडी ऐकून लोक दचकले, हसले आणि लक्षात ठेवून बसले.

आता क्रम बघा. २०१० च्या पाचव्या भागात जॉन शेफर या डिझायनरने गंमत म्हणून गांधींची अण्वस्त्रांची आवड दहापैकी बारा ठेवली. २५५ ची कथा इंटरनेटवर दिसू लागते ती त्यानंतर, २०१२ च्या सुमारास. आपल्याकडे देवळाला स्थळपुराण मागाहून जोडतात ना, अगदी तसं. तोवर १९७४ आणि १९९८ अशी दोन पोखरणं होऊन गेली होती. शांततेची भाषा आणि हातात बॉम्ब हे चित्र लोकांच्या ओळखीचं होतं, म्हणूनच ही कथा पटायला सोपी गेली असं मला वाटतं.

पण निर्मात्याने हात झटकले म्हणून विषय संपत नाही. गेममध्ये खरा राजकीय अर्थ आहे तो दुसरीकडेच: एका देशाला एकच चेहरा, आणि तोच कायमचा सत्ताधीश. गांधींनी कुठलंही सरकारी पद घेतलं नाही. अणुबॉम्बविरुद्ध त्यांनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून लिहिलं. ३० जानेवारी १९४८ ला त्यांचा खून झाला. भारताचा अणुऊर्जा आयोग स्थापन झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली. त्यामागचे पंतप्रधान नेहरू. पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने दोन स्टेशनं गेलात की हॅरो-ऑन-द-हिल लागतं. तिथल्याच टेकडीवरच्या शाळेत ते १९०५ ते १९०७ शिकले. १९७४ च्या स्फोटाचं प्लुटोनियम आलं ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतून, म्हणजे आपल्या मुंबईतून.

नेहरू, भाभा, ट्रॉम्बे या तिन्हींचं ओझं गेमने गांधींच्या खांद्यावर टाकलं. मायरच्या मनात तसं काही नसणार. पाश्चात्त्य खेळाडूला ओळखीचा भारतीय चेहरा हवा होता, इतकंच. पण तो चेहरा ओळखीचा का, आणि भाभांचा का नाही, हा प्रश्न तरीही उरतोच.

२०१६ च्या सहाव्या भागात तर अण्वस्त्रांचं वेड हा गांधींचा सर्वाधिक संभवणारा छुपा स्वभाव म्हणून अधिकृतपणे घातला गेला. आता ‘हे आमच्या मनात नव्हतं’ म्हणायची सोयही उरली नाही.