फ्लेम ग्राफची कुळकथा

डिसेंबर २०११. जॉयंट या क्लाउड कंपनीत ब्रेंडन ग्रेग एका मायएसक्यूएल डेटाबेसच्या मागे लागला होता. डेटाबेस प्रोसेसरला नको इतकं राबवत होता आणि कारण सापडत नव्हतं. ग्रेगने डीट्रेस लावला. हे हत्यार चालत्या प्रोग्रामला सेकंदाला शेकडो वेळा हटकतं आणि दर वेळी एक नमुना टिपून घेतं: आत्ता कोणतं फंक्शन चालू आहे, त्याला कुणी बोलावलं, त्या बोलावणाऱ्याला कुणी. अशी एकेक उतरंड म्हणजे एक स्टॅक. हाती आल्या ५,९१,६२२ ओळी. त्या वाचणार कोण?

कुणी कुणाला बोलावलं याचे तक्ते नवे नव्हते. बर्कलीतल्या जीप्रॉफने ते १९८२ मध्येच दिले होते. चित्रंही होती. नीळकंठ नाडगीर यांनी फंक्शनांच्या हाका एकावर एक पट्ट्यांनी रेखाटल्या होत्या आणि ग्रेगला कल्पना सुचली ती तिथूनच, असं तो स्वतः सांगतो. पण त्या चित्रात डावीकडून उजवीकडे काळ सरकत होता. हजारो नमुने तसे मांडले की नुसत्या उभ्या रेघांची गर्दी होते.

ग्रेगने काळच काढून टाकला. शेजारशेजारच्या उतरंडी त्याने वर्णानुक्रमे लावल्या. सारखी नावं जवळ आली, त्यांच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून रुंद झाल्या. जितकी पट्टी रुंद, तितक्या जास्त नमुन्यांत ते फंक्शन सापडलेलं. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे या चित्राला विचारायचंच नाही. प्रोग्राम समजून घ्यायचा तर घटनाक्रम हवाच, असं आपण धरून चालतो. इथे तो टाकल्यावरच दुखणं दिसू लागलं. मला तरी साऱ्या शोधातलं हेच धाडस वाटतं. रंगांत काही नाही. पिवळ्या-तांबड्या छटा शेजारच्या पट्ट्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून वाटेल तशा दिलेल्या. ‘फ्लेम ग्राफ’ हे नाव मात्र त्या ज्वाळांसारख्या दिसण्यावरूनच पडलं. चित्र काढणारा प्रोग्राम पर्लमध्ये लिहिलेला होता, आणि तो ग्रेगने सर्वांसाठी खुला केला.

नमुने घेताना पुढे सेकंदाला ९९ हा आकडा रूढ झाला. पुरते १०० घेतले, तर प्रोग्राममधल्या एखाद्या नियमित कामाशी ताल जुळून तेच ते दिसत राहण्याचा धोका असतो.

क्रोम ब्राउझरने हे रूप उचललं, पण आडव्या अक्षावर काळ परत आणला आणि त्याला फ्लेम चार्ट म्हटलं. तिथे डावीकडची पट्टी खरोखर आधी घडलेली असते. ग्रेगच्या चित्रात ती फक्त अक्षरांच्या क्रमात आधी येते.