चाळिशीची कुळकथा

चाळिशी हा शब्द आपल्या मराठीत दोन अर्थांनी वावरतो. एक चाळिशी वयाची आणि दुसरी नाकावरची. वयाला आणि वस्तूला एकच नाव देणारी ही भाषा मोठी मार्मिक म्हणावयाची. कारण साधारण त्याच वयात डोळ्यातील भिंगाचा लवचीकपणा ओसरू लागतो, जवळचे अंधुक दिसते, आणि सुईत दोरा ओवण्यासाठी घरातल्या पोरासोरांना हाका माराव्या लागतात. बाहेरचे फुगीर भिंग त्या थकलेल्या भिंगाच्या मदतीला येते, एवढीच चष्म्याची करामत. परंतु उतारवयात माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावयास न लावणारे असे दुसरे साधे साधन मला तरी सुचत नाही.

ही विद्या इटलीत निघाली. इ. स. १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रवचन करताना जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने सांगितले की, चष्मे करण्याची कला निघून अद्याप वीस वर्षेही झालेली नाहीत, आणि ते प्रथम करणाऱ्याशी आपण स्वतः बोललो आहोत. नाव मात्र त्याने सांगितले नाही! पिसा येथील मठाच्या बखरीत अशी हकीकत आहे की, मूळ कारागीर आपली युक्ती कोणास सांगेना. तेव्हा त्या मठातील आलेस्सांद्रो देल्ला स्पिना या भिक्षूने ती वस्तू पाहून तशीच स्वतः बनविली आणि आनंदाने सर्वांना शिकविली. हा भिक्षू १३१३ साली वारला. मला तर शोधकापेक्षा हा वाटणाराच थोर वाटतो.

त्या चष्म्याला काड्या नव्हत्या. दोन भिंगे खिळ्याने जोडून नाकावर धरावयाची. १३५२ साली त्रेव्हिसो येथील मठात तोम्माझो दा मोदेना या चित्रकाराने एका वृद्ध कार्डिनलला असा चष्मा लावून लिहीत बसविले आहे. गंमत अशी की, तो कार्डिनल १२६३ मध्येच वारला होता. चष्मा त्याच्या नशिबी नव्हताच.

पुढे फ्लॉरेन्समध्ये हा धंदा चांगलाच भरभराटला. १४६६ मध्ये मिलानच्या ड्यूकने तेथून २०० चष्मे मागविले. त्यांत जवळचे पाहण्याचे चष्मे वयाप्रमाणे लावलेले होते: तिशीपासून सत्तरीपर्यंत, दर पाच वर्षांना एक नंबर. म्हणजे त्यांचीही ‘चाळिशी’ होती, पस्तिशीही होती आणि साठीही!

आपल्या देशातील चष्म्यांचा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी चिकाटीने धुंडाळला. विजयनगरचे व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचीत, हा उल्लेख त्यांनी पुढे आणला. व्यासतीर्थ तेव्हा साठीच्या घरात होते.

भिक्षू, कार्डिनल, ड्यूक, स्वामी! हा सारा इतिहास वाचणाऱ्या पुरुषांचा झाला. माझ्या आजोळी चष्मा एकच होता, आजोबांचा. त्यांची पोथी वाचून झाली की आजी तोच डोळ्यांसमोर धरून तांदळातले खडे वेची. तिला अक्षर येत नव्हते, म्हणून तिला चष्मा हवा असेल असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. तांदळातला खडा अक्षराहून मोठा नसतो, हे पुरुषांना कोण सांगणार?

ही गोष्ट शास्त्राच्या काट्यावर जोखली गेली ती अगदी अलीकडे, आसामच्या चहामळ्यांत. पाने खुडण्याचे तेथील काम मुख्यतः बायकांचे. चाळिशी ओलांडलेले आणि जवळचे नीट न दिसणारे ७५१ मजूर निवडून त्यांपैकी निम्म्यांना चष्मे दिले. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी सुमारे २५ किलोंवरून ३५ किलोंपर्यंत गेली. चष्मा न मिळालेल्यांची वाढ याच्या निम्म्याहूनही कमी होती. पन्नाशी उलटलेल्यांना तर चष्म्याचा लाभ सर्वांत अधिक झाला. उरलेल्या निम्म्यांना प्रयोग संपल्यावर चष्मे मिळाले.