डिजॉर्ज सिंड्रोममधील मनोविकार

डिजॉर्ज सिंड्रोम हा २२ व्या गुणसूत्राचा सूक्ष्म तुकडा नसल्यामुळे होणारा जन्मजात जनुकीय विकार आहे. लोप पावलेल्या भागाच्या स्थानावरून त्यास '२२क्यू११.२ लोप' असेही म्हणतात. अमेरिकन डॉक्टर अँजेलो डिजॉर्ज यांनी १९६० च्या दशकात त्याचे वर्णन केले. हृदयदोष, टाळूतील दोष, वारंवार होणारे संसर्ग आणि रक्तातील कॅल्शियमची कमतरता ही त्याची परिचित लक्षणे होत. वाढत्या वयात मात्र मनोविकार हा रुग्ण व कुटुंबीयांपुढील मोठा प्रश्न ठरतो.

वयानुसार स्वरूप

बालपणी अवधानाचा अभाव, अतिचंचलता, चिंताविकार आणि स्वमग्नतेची लक्षणे अधिक प्रमाणात आढळतात. पौगंडावस्थेच्या उत्तरार्धात भास, संशय किंवा विचारांतील विस्कळीतपणा दिसू लागण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारण लोकसंख्येत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे १ टक्का असते; या सिंड्रोमच्या प्रौढ रुग्णांपैकी मात्र सुमारे एक चतुर्थांश व्यक्तींना स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम विकार होतो. काहींमध्ये त्यापूर्वीच्या वर्षांत भाषिक बुद्ध्यंक घसरत गेल्याचे आढळते.

कारणे

लोप पावलेल्या भागात अनेक जनुके असतात. मेंदूतील डोपामिनच्या विघटनाशी संबंधित 'कॉम्ट' हे त्यांपैकी एक. तथापि कोणत्याही एकाच जनुकाने या मनोविकारांचा पूर्ण उलगडा होत नाही. सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये हा लोप नव्याने उद्भवतो, म्हणजे आईवडिलांत तो नसतो. पालकांचे वागणे किंवा संगोपन हे त्याचे कारण नाही. रुग्णाच्या अपत्यास तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असल्याने जनुकीय समुपदेशन उपयुक्त ठरते.

निदान व उपचार

नवी मानसिक लक्षणे 'मूळ आजाराचाच भाग' समजून दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. चिडचिड, चिंता किंवा गोंधळ यांमागे कॅल्शियमची कमतरता अथवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. म्हणून मनोविकाराचे निदान करताना रक्ततपासणी आवश्यक असते. औषधे व समुपदेशन यांची नेहमीची उपचारपद्धती या रुग्णांनाही लागू पडते. मात्र त्यांना आकडी येण्याचा धोका अधिक असल्याने क्लोझापिनसारखी औषधे अल्प मात्रेत सुरू करून सावकाश वाढवतात. बहुसंख्य रुग्णांना स्किझोफ्रेनिया होत नाही. तरीही बालपणापासून नियमित मानसिक तपासणी केल्यास लक्षणे लवकर ओळखून उपचार करता येतात.