डब्यातला घेवडा आणि लार्डचा हिशेब



गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत होते तेव्हाची गोष्ट. दुपारी घरात मी एकटीच. कपाटात 'रिफ्राइड बीन्स'चा डबा सापडला. शिजवून घोटलेला घेवडा, मऊसूत, आपल्या उसळीचाच भाऊ. पोळीवर पसरून दोन दिवस आवडीने खाल्ला. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. त्यात 'लार्ड' होतं. लार्ड म्हणजे डुकराची चरबी.

त्या दिवशी माझ्याने जेवण झालं नाही. मुलाने डबा न वाचताच आणला होता, तोही ओशाळला. सांगलीला परतल्यावर आर्यिका माताजींना सांगून प्रायश्चित्त घेतलं, ते असो. पण तेव्हा मुलगा सहज म्हणाला होता, "आई, खरा मेक्सिकन पदार्थ लार्डशिवाय होतच नाही गं." ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरा म्हणजे कधीपासूनचा खरा?

मी बी.कॉम. झालेली बाई, मला आधी खातेवही दिसते. आणि मेक्सिकोची एक खातेवही आहेच! १५४१ च्या सुमाराला तिथे चित्रांतून तयार केलेली 'कोडेक्स मेंडोसा', आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. स्पॅनिश लोक येण्याआधी अझ्टेक राजाकडे कुठल्या प्रांतातून काय खंडणी यायची, याची पानंच्या पानं तिच्यात आहेत. कापड, रंगीत पिसं, कोकोच्या बिया, आणि धान्याच्या लाकडी कणग्या. कणग्यांत काय, तर मका, घेवडा, चिया आणि राजगिरा. हो, लाडवाचा राजगिरा!

त्या देशात तेव्हा डुक्कर नव्हतं. गाय, म्हैस, शेळीही नव्हती. म्हणजे दूध, लोणी, तूपही नाही. ते लोक शाकाहारी होते असं मात्र कुणी समजू नका. टर्की, बदकं, मासे आणि कुत्रीसुद्धा खात. पण रोजच्या गरिबाच्या ताटात मक्याची भाकरी, घेवडा आणि मिरची. स्वयंपाक उकडून, वाफवून किंवा मातीच्या तव्यावर भाजून. चरबीत तळायची पद्धत जवळपास नव्हतीच.

डुकरं आली ती स्पॅनिश जहाजांतून. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ती कॅरिबियन बेटांवर आणली. १३ ऑगस्ट १५२१ ला अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. त्या विजयाची मेजवानी कोयोआकान गावात झाली आणि तिच्यासाठी क्युबाहून डुकरं आणली होती, असं त्या लढाईतलाच एक सैनिक, बेर्नाल दियास, याने म्हातारपणी लिहून ठेवलंय. पुढे डुकरं भराभर वाढली. ऑलिव्हचं तेल स्पेनहून यायचं, ते महाग. मग हाताशी असलेली चरबीच कढईत पडू लागली. म्हणजे घेवडा हजारो वर्षांचा आणि लार्ड पाचशे वर्षांचं. पाचशे वर्षं काही थोडी नाहीत, तिथल्या आजीला तीच चव आईच्या हातची वाटणार, तिला मी नावं ठेवणार नाही. पण 'त्याशिवाय होतच नाही' हे काही पटत नाही.

नावाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये 'फ्रिहोलेस रेफ्रितोस'. इंग्रजीमुळे वाटतं दोनदा तळलेला. मेक्सिकोत मात्र तो 'रे' जोर द्यायला लावतात. चांगला परतलेला घेवडा, एवढंच. पहिल्या दिवशी मडक्यातला रसदार घेवडा खायचा, उरला की घोटून परतायचा.

एक टेबलस्पून लार्डमध्ये साधारण १३ ग्रॅम चरबी असते, आणि पारंपरिक कृतीत ते चार-पाच चमचे सहज जातं. अर्थात मेक्सिकोच्या आजारपणाचं सगळं खापर लार्डवर फोडू नये. २०१४ पासून तिथल्या सरकारने गोड शीतपेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला आणि २०१६ मध्ये मधुमेहासाठी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. त्यात बाटलीतल्या साखरेचा हात मोठा.

आता माझी पद्धत. साताऱ्याचा वाघ्या घेवडा घ्यायचा. राजमा, श्रावणघेवडा, वाघ्या आणि मेक्सिकोचा काळा घेवडा, सगळे एकाच जातीचे, मूळचे तिकडचेच. मी रात्री भिजवत नाही. सकाळी गाळलेल्या गरम पाण्यात पाच तास ठेवते, ते पाणी टाकून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवते. कच्चा राहिलेला राजमा-घेवडा पोटाला बाधतो, त्यात नैसर्गिक विष असतं, म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कधीच नको. मग एकच चमचा शेंगतेल, जिरं, हिंग, भाजून कुटलेली सुकी मिरची. तिकडे एपाझोटे नावाचा उग्र वासाचा पाला घालतात, वायू धरू नये म्हणून. मी ओवा घालते. घेवडा त्याच्याच पाण्यासकट घालून घोटायचा आणि कडा सोडेपर्यंत परतायचा. कांदा-लसूण आठवतही नाही.

नातू वर सावर क्रीम मागतो. कडधान्यावर कच्चं दही म्हणजे द्विदल, ते मी देत नाही. त्याला सांगितलं, "राजा, गायसुद्धा त्याच जहाजांतून आली." तो म्हणाला, "मग टोमॅटो?" टोमॅटो तिथला जुनाच, म्हणून बारीक चिरून दिला.

मुलगा हल्ली दुकानात उभं राहून डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मला पाठवतो. इकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मी चष्मा शोधते.