नाव सांगणं आणि ओळख पटवणं

आमच्या पुलगावात लहान पोरालाही ठाऊक असतं की डेपोच्या गेटवर नुसतं नाव सांगून आत जाता येत नाही. दारूगोळ्याचं एवढं मोठं भांडार आहे ते! पास दाखवा, तो खरा आहे का ते बघतील, मग पुढचं. नाव सांगणं वेगळं आणि ओळख पटवणं वेगळं. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचा इतिहास वाचताना मला हाच फरक पुन्हा पुन्हा आठवतो.

चार्जिंग म्हणजे मोबाइलसारखं, पिन खुपसली की झालं, असं आपल्याला वाटतं. पण जलद चार्जिंगमध्ये गाडी आणि चार्जर सारखे बोलत असतात: किती व्होल्ट हवेत, किती अँपिअर, बॅटरी किती भरली. शिवाय चार्जर कंपनीच्या सर्व्हरशीही बोलतो: कार्ड कुणाचं, बिल कुणाला. हे दुसरं बोलणं सगळीकडे एकसारखं असावं म्हणून २००९ साली नेदरलँड्समध्ये 'ओसीपीपी' ही भाषा घडू लागली. हेतू चांगलाच होता. चार्जर एकाचा, सर्व्हर दुसऱ्याचा, तरी काम अडू नये. मात्र सुरुवातीला सगळा भर संवाद जुळण्यावर राहिला. समोरचा खरा कोण, ही चौकशी मागे पडली.

२०१७ साल बघा. मे महिन्यात आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, नागपुरात, ओलाने विजेच्या टॅक्सींचा प्रयोग सुरू केला. विदर्भाला त्याचं केवढं कौतुक! त्याच वर्षी डिसेंबरात जर्मनीतल्या लाइपझिगला हॅकर मंडळींच्या मेळाव्यात मथियास डालहायमर यांनी दाखवून दिलं की चार्जिंगच्या कार्डावर असतो तो नुसता एक क्रमांक. तो मिळाला की दुसऱ्याच्या नावावर गाडी भरून घ्या. यंत्र नाव ऐकत होतं, ओळख पटवत नव्हतं.

पुढे २०२२ मध्ये मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग महामार्गावरचे चार्जर बंद पडले आणि पडद्यांवर पुतिन यांना शिव्या झळकल्या. सुटे भाग युक्रेनी पुरवठादाराचे होते आणि त्यानेच ठेवलेल्या चोरवाटेने हे घडलं, असं चालवणाऱ्या कंपनीने सांगितलं. म्हणजे पास खराच, पण तो कुणाच्या हाती राहिला याची नोंद नाही! त्याच वर्षी ऑक्सफर्ड आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी १ वॅटपेक्षाही कमी शक्तीच्या रेडिओ लहरींनी, ४७ मीटरवरून, गाडी आणि चार्जरचं बोलणं तोडून दाखवलं. बोलणं तुटलं की चार्जिंग थांबतं.

हे परदेशापुरतंच आहे असंही नाही. मार्च २०२३ मध्ये आपले नितीन गडकरी यांनीच लोकसभेत लेखी उत्तर दिलं की चार्जिंग स्टेशनशी संबंधित उत्पादनांत आणि ॲपमध्ये त्रुटी असल्याचे अहवाल सर्ट-इन या सरकारी यंत्रणेकडे आले आहेत. २०२२ मध्ये देशात सर्व प्रकारच्या मिळून १३,९१,४५७ सायबर घटना नोंदल्या गेल्याचंही त्यात होतं.

उपाय नाहीत असं नाही. २०२० च्या ओसीपीपी २.०.१ मध्ये दोन्ही बाजूंनी प्रमाणपत्र दाखवून ओळख पटवण्याची सोय आहे. गाडी आणि चार्जरमधला संवाद सांकेतिक करणं २०२२ च्या आयएसओ १५११८-२० या मानकाने सक्तीचं केलं. पण मानक नवीन निघालं म्हणून रस्त्यावर बसवलेलं जुनं यंत्र आपोआप शहाणं होत नाही. ते कुणीतरी बदलावं लागतं, त्याला पैसे लागतात आणि चालू यंत्राला हात लावायला कुणी राजी नसतं.

एका कार्डाचे पैसे गेले तर भांडून परत मिळतील. पण एका सर्व्हरवरून हजारो चार्जर एकदम चालू-बंद करता आले, तर धक्का बसेल तो विजेच्या जाळ्याला, आणि त्याच जाळ्यावर शेतातला पंप आहे, दवाखाना आहे. ज्याच्या दारात विजेची गाडी नाही, त्याच्याही घरात अंधार होऊ शकतो.

म्हणून आपल्या गावात, पेट्रोल पंपाशेजारी नवीन चार्जर उभा राहील तेव्हा युनिटचा दर जरूर विचारा. पण हा कुणाचं ऐकतो आणि कुणाचं ऐकत नाही, हेही विचारा. डेपोच्या गावच्या माणसाला हा प्रश्न सुचायलाच हवा.