सिंदखेडचा नकार

एखाद्याला झिडकारण्यासाठीं इंग्रजी भाषेंत किती शब्द आहेत हें मोजूं लागलें तर हाताचीं बोटें पुरत नाहींत. चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करावयाचा त्याला 'स्नब' म्हणतात. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेंतून आलेला असून खडसावणें हा त्याचा मूळ अर्थ. लग्नाचें वचन देऊन तें मोडणें यासाठीं 'जिल्ट' असा स्वतंत्र शब्दच आहे. ओळख असून पाठ फिरविणाऱ्याबद्दल 'कोल्ड शोल्डर' हा वाक्प्रचार वापरतात. तो सर वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या 'अँटिक्वेरी' या कादंबरींत आढळतो. 'बॉयकॉट' हें तर एका माणसाचें आडनांव. १८८० सालीं आयर्लंडमधील मेयो परगण्यांत एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटशीं तेथील लोकांनीं सर्व व्यवहार तोडले, आणि त्याचें नांव कोशांत जाऊन बसलें. पुढें पंचवीस वर्षांनीं, १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत, तोच शब्द आपल्याकडे 'बहिष्कारा'च्या जोडीनें घरोघर पोंचला.

मग मराठी भाषा याबाबतींत दरिद्री आहे काय? मुळींच नाहीं. नाकारणें, अव्हेरणें, झिडकारणें, धुडकावणें हीं क्रियापदें तर आहेतच. पण खरी गंमत आहे ती वाक्प्रचारांत. आमंत्रण देतांना तांदुळाच्या अक्षता द्यावयाच्या. परंतु वाटाणा कांहीं कपाळीं चिकटत नाहीं, म्हणून 'वाटाण्याच्या अक्षता लावणें' म्हणजे साफ नाहीं म्हणणें. निरोपाच्या वेळीं सन्मानानें द्यावयाचा तो नारळ. पण चाकरीवरून काढून टाकण्यासही 'नारळ देणें' असेंच म्हणतात. जेवावयास बसविलेल्या माणसाच्या हातीं कांहींच लागलें नाहीं, म्हणजे त्याच्या 'तोंडाला पानें पुसलीं'. मानेवर पंजा ठेवून बाहेर घालविणें याला 'अर्धचंद्र देणें' असें शोभिवंत नांव आहे. 'केराची टोपली' मात्र उघडच कचेरीच्या अमदानींतली. अक्षता, नारळ, पान या साऱ्या मानाच्या वस्तू. ज्या वस्तूनें गौरव करावयाचा तीच उलटी धरून आपल्या भाषेनें अपमानाचें हत्यार केलें. आपल्याकडे नकार हा नुसता नकार नसतो. तो मानाचा प्रश्न असतो.

या मानाची एक कथा वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याशीं कायमची जोडली गेली आहे. सिंदखेड राजाचे लखुजी जाधवराव हे निजामशाहींतील बलाढ्य सरदार. देवगिरीच्या यादवांचा वंश सांगणारे. वेरूळचे मालोजी भोसले त्याच दरबारच्या चाकरींत, पण पायरीनें पुष्कळ खालीं. १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासांत ग्रँट डफनें पुढील हकीकत दिली असून ती १५९९ च्या शिमग्यांतली म्हणून सांगितली आहे. सणानिमित्त मालोजी लहानग्या शहाजीस घेऊन जाधवरावांच्या घरीं गेले. जाधवरावांनीं कौतुकानें मुलाला जवळ घेतलें, आपल्या मुलीशेजारीं बसविलें, आणि हा नवरा तुला पसंत आहे काय, असें मुलीला थट्टेनें विचारलें. मुलांनीं एकमेकांवर रंग उडविला, मंडळी हंसली. तोंच मालोजी उठले आणि जाधवरावांनीं आपल्याशीं सोयरीक केली, याला सर्वजण साक्षी आहेत, असें त्यांनीं जाहीर केलें. सिंदखेडच्या वाड्यांतला रंगमहाल याच प्रसंगाची जागा म्हणून आजही दाखवितात.

दुसऱ्या दिवशीं जाधवरावांनीं मालोजींस जेवणाचें आमंत्रण धाडलें. व्याही म्हणून बोलावीत असाल तरच येतों, असें मालोजींनीं उलट कळविलें. जाधवरावांनीं ती गोष्ट अमान्य केली. त्यांच्या पत्नीला तर या हलक्या सोयरिकीची कल्पनाच असह्य झाली. येथें नकार एक नसून दोन आहेत हें ध्यानांत घ्यावें. थोरल्यानें सोयरीक नाकारली, आणि धाकट्यानें पान नाकारलें. ज्याच्यापाशीं घोडा नाहीं, मुलूख नाहीं, त्याच्यापाशीं जेवावयास न जाण्याएवढें एकच शस्त्र असतें. मालोजींनीं तें वापरलें.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. भवानीच्या प्रसादानें मालोजींस द्रव्य सांपडलें, त्यांनीं घोडदळ वाढविलें, निजामशहाकडून पांच हजारांची मनसब, राजा हा किताब व पुणें-सुप्याची जहागीर मिळविली. आणि मग तेंच लग्न सुलतानाच्या समक्ष थाटानें लागलें, असें डफ लिहितो.

ही कथा खरी किती? लग्नाचें साल कोणी १६०४ देतात, कोणी १६०५. डफच्या कथेंतली मुलगी तीन-चार वर्षांची आहे. उलट जिजाबाईंची आज सर्वत्र मानली जाणारी जन्मतिथि १२ जानेवारी १५९८ ही धरली, तर १५९९ च्या शिमग्यांत त्या जेमतेम चौदा महिन्यांच्या होतात. तेव्हां साल तरी चुकलें असावें, तिथि तरी, किंवा प्रसंगच मागाहून रचला गेला असावा. परंतु रचणाऱ्यानेंही ऐकणाऱ्यांना पटेल असेंच रचिलें असणार. सोयरीक धुडकावली जाणें म्हणजे काय, हें त्या काळच्या प्रत्येक घराला ठाऊक होतें.

म्हणूनच मराठी घरांत सौम्य नकाराची एक निराळीच भाषा आहे. 'पत्रिका जुळत नाहीं', 'यंदा कर्तव्य नाहीं', 'विचार करून कळवितों.' यांतला दोष मुलाचा नसतो, कुळाचा नसतो. तो ग्रहांचा किंवा काळाचा असतो, आणि दोन्ही घरांची मान ताठ राहते. जाधवरावांना ही पळवाट उरली नव्हती, कारण थट्टेंत कां होईना, प्रश्न त्यांनीं स्वतःच भर सभेंत काढला होता. नकारापेक्षां, आधीं हंसून मग नकार देणें, हेंच माणसाच्या अधिक जिव्हारीं लागतें.

आणखी एक गोष्ट या कथेंत सहज नजरेआड होते. प्रश्न विचारला होता तो मुलीला. तिच्या उत्तरासाठीं कोणी थांबलें नाहीं. तिचा होकार कोणी लिहून ठेवला नाहीं, नकारही नाहीं. मान दुखावला तो बापांचा, आणि पुढें जुळला तोही त्यांचाच. लखुजी जाधवराव १६२९ सालीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत मारले गेले; त्यांची भव्य समाधि सिंदखेडास उभी आहे. परंतु दर वर्षीं १२ जानेवारीस जो अफाट समुदाय त्या गांवीं लोटतो, तो त्यांच्या मुलीसाठीं.

श्रोतेहो, आज आपल्या घरीं सोयरीक चालून आली तर नकार कोणत्या शब्दांत द्यावा याचा विचार जरूर करावा. पण त्याआधीं, सिंदखेडच्या त्या सभेंत जो प्रश्न हंसण्यावारी गेला, तो मुलीला नीट विचारावा, आणि ती काय म्हणते तें ऐकून घ्यावें.